लोहचुंबक

वास्कोत माझं चष्म्यांचं दुकान.
मागच्या खोलीत, जिथं काचा घासतो,
लोखंडी कपाटाचा तिसरा खण
बायकोनं एकतीस वर्षांत उघडलेला नाही.
ती त्याला ‘तुमचं जर्मनी’ म्हणते.

खणात सतरा पदकं. त्यातली पाच खोटी.
हणजुणच्या बुधवारच्या बाजारात एकानं
आजोबांची शपथ घेऊन दिलेली,
एकाच साच्यातली, भरीव, जस्ताची.
खरा लोखंडी क्रूस तीन तुकड्यांचा असतो:
मध्ये काळं लोखंड, वर-खाली चांदीच्या चौकटी,
सांधा नखाला लागू नये इतका बारीक.
लोहचुंबक धरायचं. खरं असेल
तर टक्‌ करून येतं, ओळख असल्यासारखं.

लोक विचारतात, हेच का?
पोर्तुगीज नाणी आहेत, निळ्या फरशा आहेत.
हँबुर्गची एक बाई काडी बसवून घ्यायला आली होती,
तिनं उघडा खण पाहिला
आणि काही न बोलता निघून गेली.
चष्मा अजून माझ्याकडेच आहे, डावा उणे सव्वातीन.
काय सांगणार होतो मी तिला?
सांधा किती सुरेख बसवलाय बघा, म्हणून?
बहुतेक तेच सांगितलं असतं.

गेल्या मे महिन्यात बायण्याच्या पियेदाद कुलासो
मोतीबिंदूनंतरचा नंबर काढायला आल्या.
तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता म्हणाल्या,
आमच्या घरच्या अल्तारावर एक जर्मन खुरीस आहे.

चष्मा मी स्वतः पोचवला.
कुणाचा पोचवत नाही.

सांत आंतोनच्या पायाशी, सुकलेल्या अबोलीखाली,
मेणबत्तीच्या काजळीत होता तो.
युद्धात जर्मन जहाजं बंदरात अडकली, त्या म्हणाल्या,
साडेतीन वर्षं नांगरावर.
खलाशांचे आधी पैसे संपले, मग साबण, मग गाणी.
त्यांचे वडील होडीतून अंडी न्यायचे.
लुदोव नावाच्या एका भट्टीवाल्यानं
दोन डझन अंड्यांपायी हा गहाण ठेवला,
शुक्रवारी सोडवतो म्हणाला.
त्या आठवड्यात जहाजं पेटली.
भिंतीवर त्या रात्री आमच्या सावल्या पडल्या होत्या,
दिवा न लावता.

मी खिशातलं लोहचुंबक काढलं.
टक्‌.
काळं लाखकाम. १९१४, १९१८. तलवारी नाहीत.

लढून परतलेल्यांना तपकिरी मिळायचा, तलवारींसकट.
काळा जायचा विधवांना, आईबापांना.
काळे कमी, म्हणून भाव चढा:
हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय
आणि त्या दिवशीपर्यंत त्यात
कुणी मेलेलं नव्हतं.

‘कितें बरयलां ताचेर?’
दोन सालं, म्हटलं.
‘नांव?’
नाव नाही. कुणाच्या तरी आईचा असावा,
लुदोवच्याच बहुधा. त्याचा बाप पहिल्या युद्धात गेला असणार.

पियेदादबाई बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचा तेर्स आठवून रडतील.
त्या म्हणाल्या, फक्त दोन डझन.
पायनं निदान चार जास्त द्यायची होती.

माझ्या वरच्या खिशात आठ हजार होते.
क्रुसापासून लोहचुंबक सोडवायला
दोन्ही हात लागले.

विकणार नाही, म्हणाल्या. पण मी गेले की घेऊन जा,
भाच्याला सांगून ठेवते.

तेव्हापासून दर महिन्याला मी बायण्याला जातो,
त्यांच्या चष्म्याचे स्क्रू आवळायला.
ते सैल झालेले नसतात.
कशासाठी येतो हे मला माहीत आहे, त्यांनाही.
त्या कॉफी देतात, पदरानं नव्हे, झग्याच्या टोकानं काचा पुसतात,
माझ्याकडे नीट निरखून पाहतात
आणि विचारतात,
तुझी तब्येत बरी आहे ना रे?